लेमा पठाराचे ममत्व

२०७१ सालापर्यंत माणसाने जमिनीखालचं पाणी, तेल, सोनं सगळं मोजून संपवलं होतं. राहिली होती ती जमिनीवरची माया. तीही मोजायची सोय झाली आणि ते यंत्र लेमा पठारावर येऊन पोहोचलं, तेव्हा अनंतराव खुटवडांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा बॅग भरायला घेतली.

अनंतराव मूळचे मोजणी खात्यातले. सातारा जिल्ह्यात तीस वर्षं त्यांनी बांधावरची भांडणं मिटवली होती. म्हणूनच जागतिक पंचायतीने त्यांना कोस्ताव आणि झुमेर या दोन देशांमध्ये मध्यस्थ नेमलं. वाद नऊ चौरस किलोमीटरचा. त्यात दगड, वारा आणि एक झरा. मध्यस्थाने दोन्हीपैकी कुठल्याच देशात राहायचं नाही असा नियम असल्याने अनंतराव पठारावरच पत्र्याच्या खोलीत राहत. दोन्ही देशांचं अकरा वर्षांत एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, ते म्हणजे बैठकीतला चहा वाईट असतो. इकडे साताऱ्याहून त्यांच्या पत्नीने, शालनबाईंनी, निर्वाणीचं कळवलं होतं : या दिवाळीला आला नाहीत, तर मग येऊच नका.

यंत्राचं नाव ममत्वमापी. ते बनवणाऱ्या डॉ. शर्वरी केतकर अनंतरावांना समजावू लागल्या. "आपल्या मेंदूत 'हे माझं' असं ओळखणारा एक कोपरा असतो. माणसाला खुर्चीवर बसवायचं आणि त्या जमिनीवर परकी माणसं फिरताना दाखवायची. तो कोपरा किती पेटतो, ते यंत्र शून्य ते शंभरमध्ये सांगतं. एककाला आम्ही 'मम' म्हणतो."

"म्हणजे मॅडम, आपल्या शेतात दुसऱ्याची म्हैस शिरली की पोटात जो गोळा येतो, तो तुम्ही मोजणार?"

"अगदी बरोबर."

अनंतराव खूश झाले. त्यांनी स्वतः करार लिहिला आणि दोन्ही सरकारांनी मुकाट सह्या केल्या. कलम चार : खुर्चीवर बसणाऱ्यांपैकी ज्याचा आकडा सर्वांत मोठा, पठार त्याच्या पक्षाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोस्तावचे प्रतिनिधी दुराक आणि झुमेरच्या प्रतिनिधी मेल्वाबाई हेलिकॉप्टरने आले. केतकरबाई म्हणाल्या, "आधी काट्याचं शून्य ठरवू. त्यासाठी तटस्थ माणूस लागेल. अनंतराव, बसता जरा?"

अनंतराव बसले. समोरच्या पडद्यावर एक परका शिपाई झऱ्यात बूट धूत होता. त्याच झऱ्याकाठी अनंतरावांनी मेथीचा वाफा केला होता.

काटा एक्याण्णवावर गेला.

"बिघडलं वाटतं," असं म्हणत बाईंनी पुन्हा मोजलं. पुन्हा एक्याण्णव. मग दुराक बसले : सहा. मेल्वाबाई : पाच. बिचाऱ्यांचा काय दोष? अकरा वर्षं ते यायचे आणि जेवणाच्या आत परत जायचे. पठारावर पाय मोकळे करावेत असं दोघांपैकी कुणालाच कधी वाटलं नव्हतं.

कलम चार सगळ्यांनी दोनदा वाचलं. "अहो, पण मी मध्यस्थ आहे!" अनंतराव कळवळून म्हणाले. पण दोन्ही पक्ष सह्या करायला उतावीळ झाले होते. दुराकना पठार मिळालं नाही, पण ते मेल्वाबाईंनाही मिळालं नव्हतं, आणि बाईंचा आनंदही नेमका तोच होता. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ! दुपारपर्यंत पठार अनंतराव खुटवड या एका इसमाचं झालं. आता अर्धं याला, अर्धं त्याला देऊन टाकू आणि घर गाठू, असं त्यांनी सगळ्यांसमक्ष सांगूनही टाकलं.

केतकरबाईंनी केवळ नोंदीसाठी तिघांना पुन्हा खुर्चीवर बसवलं. दुराक अठ्ठ्याऐंशी. मेल्वाबाई त्र्याण्णव. अनंतराव बसले तेव्हा काटा शंभराला जाऊन टेकला आणि तिथेच थरथरत राहिला.

"असं कसं झालं?" मेल्वाबाईंनी विचारलं.

"सकाळी जमीन कुणाचीच नव्हती," केतकरबाई सावकाश म्हणाल्या. "आता ती दुसऱ्याची आहे." त्यांचा चेहरा उतरला होता. आपण माया मोजत होतो की भलतंच काही, हे त्यांना आता कळेनासं झालं होतं.

दुराक आणि मेल्वाबाई आयुष्यात पहिल्यांदा हातात हात घालून अनंतरावांपुढे आले. "खुटवडसाहेब, वाटून देतो म्हणाला होतात."

"म्हणालो असेन," अनंतराव म्हणाले. "कलमात कुठे आहे ते दाखवा. आणि ते तुमचं हेलिकॉप्टर आधी माझ्या गवतावरून हलवा."

संध्याकाळी शालनबाईंचा फोन आला. "अवो, निघालासा का न्हाई?"

"आत्ता कसं जमंल? दोन्हीकडनं सैन्य गोळा व्हायला लागलंय. मी हाललो की घुसलंच म्हण!"

शालनबाईंचा राग विरघळला. "ऱ्हाऊ द्या मग. अकरा वर्सं झाली. मीच येते तिकडं."

"ये की," अनंतराव म्हणाले. "पण आधी अर्ज करावा लागंल. किती दिवस ऱ्हाणार आणि कशापायी येणार, ते सगळं त्यात लिही."

"अर्ज? कुणाकडं?"

"माझ्याकडं," अनंतराव म्हणाले, आणि ते अजिबात हसत नव्हते.