खालची ओळ

कोपरगावच्या त्या नोहाला वाचता येत नाही, असं रेबेकाबाईंचं ठाम मत होतं. आणि रेबेकाबाईंचं मत एकदा बसलं की ते हलवायला अख्ख्या कोल्हारात जेसीबी मिळायचा नाही.

"एवढं मोठं लिहिलं आपन," पेरूला कागद गुंडाळत त्या म्हणाल्या, "आन ह्यो बाबा उत्तर कशाला देतो? तर खालच्या शेपटाला. माझ्या मताला हातसुदिक लावत न्हाई."

"आत्या, सगळ्या ग्रुपनं अंगठे दिलेत तुझ्या मताला."

"त्येनं दिला का?"

स्टेलानं मोबाईलकडं पाहिलं. मग उगीचच ओढणी सारखी केली. "नाही दिला…"

'पानोपान' हा जिल्ह्यातल्या वाचणाऱ्यांचा मोबाईलवरचा ग्रुप. कुणी काय वाचलं, काय आवडलं, काय डोक्यात गेलं, ते तिथं लिहायचं. रेबेकाबाईंची शाळा तिसरीतच सुटली होती. अक्षराला अक्षर जोडून वाचायचं म्हणजे त्यांचा जीव जायचा, पण ऐकण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुपारी पेरूच्या बागेतल्या शेडमध्ये त्या क्रेट भरायच्या आणि भाची स्टेला पुस्तक वाचून दाखवायची. भाऊ-भावजय गेल्यापासून ही पोर त्यांच्याच पंखाखाली वाढलेली. पुस्तक संपलं की आत्या निकाल द्यायची. स्टेला तो जसाच्या तसा ग्रुपवर टाकायची, स्वतःच्या नावानं. आणि अगदी खाली भीत भीत आपली एक ओळ जोडायची. 'पण मला…' अशी सुरू होणारी.

मागं एक कादंबरी झाली. नवरा बारा वर्षं कुठंतरी भटकून घरी येतो, आणि बायको त्याला जेवायला वाढते. आत्यानं तिला चांगलीच सोलली होती, 'असल्या माणसाला भाकरी वाढणारी बाई म्हणजे बिनडोक.' ग्रुप खूश. खाली स्टेलानं लिहिलं होतं, 'पण मला एक दिसलं… तिनं ताटं दोन घेतली.'

त्यावर नोहाचं उत्तर आलं, 'मलाही दिसली ती दोन ताटं. ती जेवली असेल का त्याच्याबरोबर?'

त्या दोन ताटांवर दोघं किती दिवस बोलत होते देव जाणे. पोरगी दुधाचं भांडं चुलीवर ठेवून मोबाईलकडं बघून हसायची आणि दूध उतू जायचं. रेबेकाबाईंना दिसत होतं सगळं. दुधाचं नुकसान तर आधीच दिसत होतं.

आणि आज तो नोहा स्वतः येणार होता. स्टेलाला हवं असलेलं पुस्तक द्यायला.

"आत्या, तू काही बोलू नको हां. त्याला वाटतं सगळं मीच लिहिते. समोर बसल्यावर मी कसलं कुणाला झोडपणार? मला तर व्यापाऱ्याशी भावसुद्धा करता येत नाही."

"मंग सांगून टाक की, मत आत्याचं हाय म्हनून. मला काय लाज हाय व्हय माझ्या मताची?"

"आणि मग… तो मला परत लिहील का?"

रेबेकाबाईंच्या जिभेला सहसा लगाम नसायचा. त्या दिवशी लागला. "बरं. न्हाई सांगत," त्या म्हणाल्या.

चर्च सुटल्यावर तो आला. आभाळ भरून बारीक भुरभुर चालली होती. डोक्यावरचे केस ओले, पण पुस्तक मात्र शर्टाच्या आत कोरडं.

"सलाम, मावशी."

रेबेकाबाईंनी त्याला चपलेपासून वरपर्यंत पाहिलं. "सलाम. बस. क्रेटवर न्हाई, पेरू हायेत त्यात."

तो खाली पोत्यावर बसला आणि पुस्तक स्टेलाच्या हातात दिलं. स्टेलानं पेरू कापून, तिखट-मीठ लावून पुढं केला. घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळली… का तिलाच तसं वाटलं?

"ग्रुपवर एवढं बोलता," नोहा म्हणाला, "इथं गप्प?"

"पेरू पिकलेत. मोठ्यानं बोललं की डाग पडतो."

"मग मीही हळू बोलतो."

दोघं हसले. रेबेकाबाईंना राहवेना. नुसतं विचारायला काय जातं, म्हणून त्यांनी विचारलंच, "त्या बारा वर्सं भटकणाऱ्याच्या गोष्टीवरचं मत कसं वाटलं?"

"वरचं ना? जरा आंधळं होतं."

टर्रकन कागद फाटला. "आंधळं? बारा वर्सं घर कुनी वढलं, तिनंच ना? म्हनून तर मी म्हन्ले—"

ते 'मी' तसंच शेडमध्ये लटकून राहिलं.

स्टेलानं मान खाली घातली. "खरंय ते," ती हळूच म्हणाली. "वरचं सगळं आत्याचं असतं. पहिल्यापासून. मी नुसती लिहिते." मांडीवरचं पुस्तक तिनं त्याच्याकडं सरकवलं. "हे परत न्यायचं असेल तर…"

नोहानं पुस्तकाला हात लावला नाही. "आणि खालची ओळ?"

"ती… माझी."

"सगळ्याच?"

"सगळ्याच."

त्यानं केवढा तरी श्वास सोडला. "सुटलो. वर एवढं झोडपणारी बाई खाली असं हळू कशी बोलते, म्हणून मला कधीचा संशय होता, ही माणसं दोन आहेत. भीती एवढीच वाटायची, की खालची ओळ दुसऱ्याच कुणाची निघाली तर… मी उत्तरं कशाला दिलीत ते बघा की."

रेबेकाबाईंचा हात थांबला. इतके दिवस ज्या गोष्टीवरून त्या ह्या पोराच्या नावानं बोटं मोडत होत्या, ती गोष्ट आता त्यांच्यासमोर ओल्या केसांनी पेरू खात बसली होती.

"पुस्तक काय, पोस्टानंही आलं असतं," नोहा स्टेलाकडं बघत म्हणाला. "मी विचारायला आलो होतो… ती दोन ताटं आपण मांडायची का?"

स्टेलाचे कान लाल झाले. बोलताना नेहमीचीच सुरुवात निघाली, "पण मला…"

नोहाचा घास तोंडातच राहिला.

"…तिसरं ताट लागेल. आत्याचं."

"ते तर आधी वाढू," नोहा म्हणाला.

रेबेकाबाईंनी पुढचा पेरू कागद न गुंडाळताच क्रेटमध्ये ठेवला. असं त्यांच्या हातून कधी होत नसे. मग त्यांनी पदरानं नाक पुसलं, घसा खाकरला आणि नोहाकडं रोखून पाहिलं.

"येतं तुला वाचता," त्या म्हणाल्या. "पर खालचंच. वरचं शिकायला दर रविवारी यायचं. आन त्या गोष्टीवरचं माझं मत आंधळं न्हवतं, ते आज घरी गेल्यावर ग्रुपवर लिहायचं. तुझ्या नावानं."