उलटा चेहरा

धाकट्या भावाचं लग्न तिच्याआधी झालं, ते वर्ष. घरात नवी भावजय आली आणि येणारा प्रत्येक पाहुणा आईला हळूच विचारू लागला, "मोठीचं काय मग?"

मोठी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर मान खाली घालून भिंगं घासायची. त्या वर्षी तिची मान आखडली, डोकं ठणकू लागलं. मालकीणबाई म्हणाल्या, "गोळ्या किती गिळशील? कोपऱ्यावरच्या शाळेत सकाळी योगाचा वर्ग भरतो. जाऊन बघ."

पहिल्याच दिवशी तिला उशीर झाला. ती केस डोक्यावर गुंडाळून गुपचूप शेवटच्या ओळीत उभी राहिली. पुढे पुरुष, मागे बायका. मास्तर अंगानं काडी, पण आवाज खणखणीत. त्यांचे नियम दोनच... बोलायचं नाही आणि मान वळवून मागे बघायचं नाही. "डोळे भटकले की श्वास भटकतो, आणि श्वास भटकला की मन घरी येत नाही," ते म्हणायचे.

"पाय पसरा. कमरेतून वाका. हात जमिनीला."

वाऱ्यानं गवत लवावं तसा वर्ग लवला. तिचे हात मात्र गुडघ्यांशीच अडकले. ती अर्धीमुर्धी उभी... आणि पुढच्या माणसाच्या दोन पायांमधून एक चेहरा तिच्याकडे बघत होता. उलटा, लालबुंद, केस जमिनीकडे लोंबणारे.

तिला हसू फुटलं. तो चेहराही हसला.

मग रोज तेवढंच. तो वाकायचा, ती अडकायची. कधी तो एक डोळा मिटायचा, कधी ती गाल फुगवायची. शेवटी शवासनात पुरुषांचे डोळे मिटलेले असतानाच बायका उठून निघायच्या, त्यामुळे बोलणं कधी झालं नाही. पण डोकं दुखायचं थांबलं. रात्री झोप लागू लागली. श्वास पोटापर्यंत जाऊ लागला. हे आसनांनी झालं की त्या हसण्यानं, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

एका रविवारी भाऊ म्हणाला, "ताई, संध्याकाळी एक जण यायचाय. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो. माणूस सरळ आहे म्हणतात."

भावजयीनं तिला हौसेनं नटवलं. केस मोकळे सोडले, डोळ्यांत काजळ घातलं. दार उघडलं, तर आपल्या मोठ्या बहिणीबरोबर वर्गातला तो उभा! ती त्याला नुसत्या मानेवरूनही ओळखू शकली असती. म्हणजे यानं चौकशी करून, पत्ता काढून... तिनं हसतच त्याच्यापुढे चहा ठेवला.

तो मात्र चहाच्या कपात बघत बसला. दोघांना गॅलरीत बोलायला सोडलं, तेव्हा हळूच म्हणाला, "रागावू नका. तुमच्यात काही खोट नाही. ताईनं बळेच आणलं मला. माझं मन दुसरीकडे आहे."

त्या रात्री तिचं डोकं पुन्हा ठणकू लागलं. आई भिंतीकडे तोंड करून झोपली. भावजय उशाशी येऊन म्हणाली, "जाऊ दे वन्सं, त्याचंच नशीब फुटकं."

सकाळी जाऊच नये असं वाटलं, तरी ती गेली. तो वाकला आणि रोजच्यासारखा तिच्याकडे बघून गोड हसला!

आता मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्ग सुटल्यावर ती केस सोडून शाळेच्या फाटकाशी त्याची वाट बघत थांबली. तो बाहेर आला आणि तिला बघून दचकला.

"तुम्ही? इथे? अहो, मी काल स्पष्ट सांगितलं ना..."

"सांगितलंत ना! मग आज माझ्याकडे बघून दात काढायला लाज नाही वाटली?"

"तुमच्याकडे? छे हो! मी तर मागच्या ओळीतली... तिचे हात गुडघ्यांच्या खाली जात नाहीत... तिच्याकडे..."

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं मोकळे केस दोन्ही हातांनी वर गुंडाळून धरले.

"वाका," ती म्हणाली.

"इथे? रस्त्यात?"

"वाका म्हणते ना!"

दूधवाला सायकल थांबवून बघू लागला. इकडे यानं तिच्याकडे पाठ केली, पाय पसरले, कमरेतून वाकला आणि दोन पायांमधून मागे बघितलं. चेहरा लाल झाला, मग आणखी लाल झाला.

"अरे देवा... तुम्हीच?"

"मीच."

"काय करू हो! खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात. इतकी वर्षं उलटंच वाचतोय. तुम्हाला सरळ कधी बघितलंच नव्हतं... आणि तुमच्यासाठी मी काल तुम्हालाच नाही म्हणून आलो!"

"मग आता काय म्हणता?"

"आधी सरळ होऊ का?"

"नाही. तसंच सांगा."

"हो म्हणतो. आज, उद्या, कधीही विचारा... हो."

वरच्या खिडकीतून मास्तर ओरडले, "गुडघे वाकवू नकोस!"

त्यांचा संसार नीट झाला. भांडण झालं की तो स्वयंपाकघराच्या दारात वाकून उलटा बघायचा, आणि तिचा राग टिकायचा नाही. पुढे त्याची कंबर धरली, तेव्हा वाकायचं काम तिनं घेतलं. तोवर तिचे हात जमिनीला टेकू लागले होते.

शेवटच्या आजारात तो माणसं विसरला. मुलालाही "आपण कोण?" विचारायचा. तिलाही एकदा विचारलं. ती उठली. खाटेच्या उशाकडे गेली, पांढरे केस दोन्ही हातांनी वर धरले आणि त्याच्या तोंडावर ओणवली.

त्यानं तो उलटा चेहरा न्याहाळला. मग हसला. "मागच्या ओळीतली," म्हणाला.

धाकट्या नातीला पहिला दात आला त्या आठवड्यात, सोमवारी पहाटे, तो गेला.