न जुळणारा अल्बम

"ह्या बाईचं गाणं माझ्या कानाला बसतच नाही बघा. पुन्हा पुन्हा लावलं. आहे तसंच वाजतंय मेलं!"

सांगलीतल्या एका ब्यूटी पार्लरमध्ये एक गिऱ्हाईक बाई म्हणाली. 'ही बाई' म्हणजे जुईली खटावकर शेजारच्याच खुर्चीत बसली होती. पण तोंडावर मुलतानी मातीचा थर सुकत आलेला, त्यामुळे ओळख पटायची भीती नव्हती आणि हसायची सोयही नव्हती.

"आवाज गेला असेल," पार्लरवाली म्हणाली. "चाळिशीनंतर जातो."

"काय गोड गळा होता हो! अगदी बासरी."

जुईलीचा गळा जन्मात कधी बासरी नव्हता. खडी भरलेला ट्रॅक्टर चढावर जसा गुरगुरतो, तसा होता. रॉक गाणाऱ्या बाईला तो शोभायचाही. पण हे लोकांना कळायला आजवर काही मार्गच नव्हता.

त्याला कारण कानटिकली. कानामागं चिकटवायची ही नखाएवढी चकती आता घरोघरी झाली होती. नाडीच्या ठोक्यांवरून आणि मेंदूतल्या बारीक लहरींवरून तुम्हाला काय रुचतंय ते ती ताडायची आणि चालू गाणं तिथल्या तिथं तुमच्या मापाचं करून द्यायची. गिटार नको? घ्या पेटी. लय संथ हवी? संथ. गाणारीचा आवाजसुद्धा मनाजोगता. मग कलावंतांनी पुरतं गाणं ध्वनिमुद्रित करणंच सोडलं. शब्द, चाल आणि आवाजाचा नमुना एवढं 'गीतबीज' धाडलं की काम झालं. उगवण ज्याच्या त्याच्या कानात. जुईलीचे आधीचे अल्बम असेच उगवले होते आणि साऱ्यांना पाच-पाच चांदण्या मिळाल्या होत्या. सगळ्यांच्याच अल्बमना मिळायच्या.

कार्यक्रमांत तर निराळीच गंमत. ज्याची त्याची लय वेगळी, म्हणून टाळ्या हप्त्याहप्त्यानं पडायच्या. संथवाल्यांचं गाणं संपेस्तोवर कलावंतानं हात जोडून, हसरा चेहरा धरून उभं राहायचं, असा रिवाजच पडून गेला होता.

अशाच एका कार्यक्रमानंतर कॉलेजातली एक मुलगी सही घ्यायला आली. "मॅडम, ही माझी सगळ्यांत लाडकी ओळ," म्हणत तिनं ती गुणगुणून दाखवली.

"वा," जुईली मनापासून म्हणाली. "कुणाचं गं हे?"

मुलीचा चेहरा पाहिल्यावर जुईलीच्या लक्षात आलं, कुणाचं ते.

तेव्हा तिनं ठरवलं. कॉलेजपासूनचा तिचा साथीदार, मिरजेचा ड्रमर फिरोज, यानं सतारी बनवणाऱ्या आपल्या चुलत्यांचा कारखाना रिकामा करून घेतला. तिथं दोघांनी जुन्या पद्धतीनं अख्खा अल्बम ध्वनिमुद्रित केला आणि कानटिकलीला हात लावता येऊ नये म्हणून त्याला कुलूप घातलं. अल्बमचं नाव ठेवलं 'सगळ्यांना एकच'. तिसऱ्या गाण्यात जुईली अंतऱ्यात एक मात्रा आधीच घुसली. फिरोजचे ड्रम तिच्यामागं धापा टाकत धावले.

"परत घेऊया?" तिनं विचारलं.

"कशाला? पळालीस ती पळालीस. पकडली की नाही मी तुला?"

अल्बम आला आणि तक्रारींची रांग लागली. एका समीक्षकानं त्याला 'श्रोत्याचा उद्धटपणे केलेला अपमान' म्हटलं. घरात नवरा श्रीधर सांभाळून म्हणाला, "मुखपृष्ठ फार छान झालंय." आणि दर अल्बमनंतर "गोड झालंय हो" म्हणून फोन करणाऱ्या आईचा या खेपेला फोनच आला नाही. ते मात्र जुईलीला लागलं. मिरजेत या अल्बमचा पहिला कार्यक्रम ठरला होता; तो पडला, तर पुन्हा मुकाट्यानं बीजं धाडायची, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

कार्यक्रमातही गाण्यांना तेच कुलूप होतं. त्या संध्याकाळी पहिलं गाणं संपलं. तिनं सवयीनं हात जोडले, चेहरा हसरा केला आणि वाट पाहत उभी राहिली. तोच भांड्यांची मांडणी कोसळावी तशा टाळ्या कोसळल्या. सगळ्या, एकदम! जुईली दचकून मागं सरली. फिरोजच्या हातातली काठी निसटली.

पुन्हा पुन्हा लावून पाठ झालेलं तिसरं गाणं लोक गायला लागले. अनोळखी माणसं एकमेकांकडे बघून, 'तुम्हालाही हेच येतं?' अशा चेहऱ्यानं. अंतरा आला आणि अख्खं मैदान एक मात्रा आधीच घुसलं. एकही माणूस मागं राहिला नाही. हसता हसता फिरोजचा ठेका सुटला, तरी गाणं काही थांबलं नाही. लोकांनी ते पुढं नेलं.

कार्यक्रम संपल्यावर आई कठडा धरून रंगमंचावर आली. तिच्यामागं श्रीधरही.

"लाइट झकास होते," श्रीधर घाईनं म्हणाला.

"जावईबापू, जरा गप्प राहता का?" आईनं कानटिकली काढून मुठीत घेतली होती. "जुई, केवढ्यानं ओरडतेस गं तू! पोटात धडधडलं माझ्या."

"आवडलं नाही ना?"

"पुन्हा ऐकायचंय. घरी लावलं तेव्हा मला वाटलं, ही कोण दुसरीच? फोन करून काय सांगणार होते?" तिनं लेकीचा घामेजला हात धरला. "इतकी वर्षं 'गोड झालंय' म्हणत आलो सगळे. खरं सांगू? आम्ही कुणीच तुझं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं गं. आता पहिल्यापासून म्हणशील?"