पाटाचं पाणी कुठे अडलं?

सीताफळांसाठी आणलेली गोणी कशफने ओट्यावरच टाकली. आत मानीबाईच्या खोलीत काहीतरी बिनसलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत कशफ आणि तिचा धाकटा भाऊ जमीर अब्बांच्या मोटरसायकलवर बसून फुलसावंगीहून तांड्यावर आले होते. कशफची वर्गमैत्रीण ममता इथलीच. तिघं मिळून टेकडीवर सीताफळं तोडायला जाणार होती. पण ममताची याडी, म्हणजे आई, मानीबाई अंडी उबवायच्या मशीनवर घाईघाईने गोधड्या घालत होती.

"उद्या पिल्लं निघायची हायेत," ती म्हणाली, "अन् आजच मशीन थंड पडून राह्यलं."

तांड्यातल्या बायकांच्या गटाने मोठ्या हौसेने हे मशीन आणलं होतं. ही त्यांची पहिलीच अंडी. वादळात विजेचे खांब पडल्यापासून तांड्याची सगळी भिस्त दोन गोष्टींवर होती. एक छपरावरचं सोलर, आणि दुसरं ओढ्याच्या पाण्यावर फिरणारं छोटं टर्बाइन. आभाळ भरून आल्यामुळे सोलरची बॅटरी उतरली होती, आणि टर्बाइन दुपारपासून बंद होतं.

ते टर्बाइन कशफच्या अब्बांनीच, अय्यूब मेकॅनिकनी, बसवून दिलं होतं.

"अय्यूबभाई, हे काढून घेऊन जा तुमी," तांड्याचे नायक हरिसिंग वैतागून म्हणाले. "दोन दिवसांपासून दुपार झाली का पाट कोरडा. ओढा आटला. त्यापेक्षा सोलरच वाढवू."

"टर्बाइनमधी बिघाड नाई, नायक. पाणी आलं तर फिरन," अब्बा म्हणाले आणि आपल्या मोटरसायकलची बॅटरी सोडवायला बसले. तेवढ्यावर मशीन थोडा वेळ तरी तग धरेल, असं त्यांना वाटत होतं.

मुलं ओट्यावर आली.

"नायक बरोबर बोलते," जमीर म्हणाला. "सोलर बरं. ना आवाज, ना कचरा काढा लागत."

"अन् ढग आले तर?" ममताने विचारलं. "पाणी रातदिवस वाह्यते."

"उन्हाळ्यात तुमचा ओढा कोरडा पडते, तवा?"

"तवा ऊन असतेच ना."

"मंग पवनचक्की लावा."

"इथलं वारं वायत घातलेले कपडे उडवायपुरतं येते, बाप्पा."

कशफचं लक्ष नव्हतं. ती आपल्या सलवारीकडे पाहत होती. मघाशी येताना ओढ्यात गाडी बंद पडली तेव्हा अब्बा, ती आणि जमीर अशा तिघांनी ती ढकलत आणली होती. सलवार अजून गुडघ्यापर्यंत ओली होती.

"ओढा आटला, तर मी एवढी भिजली कशी?" ती म्हणाली.

जमीर आणि ममता एकमेकांकडे पाहू लागले. मग तिघंही उठली.

ओढ्याचं पाणी टर्बाइनपर्यंत आणणारा पाट टेकडीच्या कडेकडेने येत होता. तिघं त्याच्या काठाने वर चालू लागली. पाटाच्या तळाचा चिखल ओला होता. वर जाऊ लागली तसा ओढ्याचा खळखळाट वाढत गेला. आणि पाटाच्या तोंडाशी पोचल्यावर सगळा उलगडा झाला.

तोंडावर फळ्या उभ्या करून मातीच्या गोण्या लावल्या होत्या. ओढा शेजारून जोरात वाहत होता, आणि रिकाम्या पाटातल्या डबक्यांत लालसिंगकाका टोपलीने मासे धरत होते. पाटाची देखरेख त्यांच्याकडेच होती.

"काका, पाट काहून अडवला?" ममताने विचारलं. "याडीचं मशीन बंद पडलं."

"सोलर हाय ना त्याले. सांजच्याले काढतो फळ्या. तुमी खेळा जा."

सांजेपर्यंत अंडी गार पडली असती. नायकांना बोलावून आणायचं, तरी वेळ गेला असता. ममताने क्षणभर विचार केला आणि अगदी साळसूद चेहऱ्याने म्हणाली, "काका, मासे पोचवून तरी द्या. काकीनं वरणाले फोडणी टाकली, तर मंग आज बी वरणच."

वादळापासून काका रोज वरणच खात होते, आणि हे दोन दिवस तर मासे घरी पोचेपर्यंत वरण तयार असायचं. त्यांनी टोपलीत पाहिलं, मग घराच्या वाटेकडे पाहिलं, आणि टोपली उचलून झपाझप निघाले.

जमीरने पाटात उतरून बहुतेक गोण्या ओढून बाजूला केल्या. पण फळ्या हलेनात. मागून पाण्याचा दाब होता.

"अब्बा ट्रॅक्टर कसा उचलते?" कशफ म्हणाली. पडलेला एक बांबू तिने फळीखाली घातला, त्याच्याखाली धोंडा सरकवला. "जमीर, तू आधी वर ये."

"आलोच," तो म्हणाला, पण शेवटची गोणी ओढायच्या नादात थांबला. तेवढ्यात बांबू सटकला, फळी कलली आणि पाणी धाडकन आत घुसलं. जमीरचे पाय उचलले गेले. त्याच्या हाताला करंजाचं एक मूळ लागलं, तेच त्याने घट्ट धरलं. ममताने ओढणी फेकली. दोघींनी टाचा रोवून ओढलं, आणि जमीर काठावर येऊन पडला.

कशफने त्याचे हातपाय चाचपून पाहिले आणि त्याला इतकं घट्ट धरलं की तोच म्हणाला, "आपी, सोड आता, दम लागून राह्यला."

तिघं धावत खाली पोचली, तेव्हा टर्बाइन घरघरत होतं आणि मानीबाईच्या खोलीतला दिवा लागला होता. अब्बांनी जोडलेली बॅटरी नुकतीच संपत आली होती.

मशीन हळूहळू तापलं. तरी उशीर झाला का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मानीबाईने एक अंडं उचलून कानाशी धरलं. सगळे तिच्याभोवती जमले. लालसिंगकाकाही दारात मान खाली घालून उभे होते.

"टोचते," ती पुटपुटली. "आतून टोचून राह्यलं."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पाटाची हकिकत मुलांकडून ऐकलेले हरिसिंग नायक पुढे आले.

"मी वर जाऊन पाह्यलंच नाई," ते म्हणाले. "पोरांनी पाह्यलं. अय्यूबभाई, टर्बाइन राहू द्या. आभाळ भरलं तर पाणी, पाणी आटलं तर ऊन. दोन्ही लागतेत. अन् लालसिंग, आजपासून पाटात मासे नाई."

अब्बांनी आधी जमीरला पाण्यात उतरल्याबद्दल दटावलं, मग कशफच्या डोक्यावर हात ठेवला. "धोंडा बरोबर जागी लावला, बेटा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मानीबाईने ओलसर पिसांचं पहिलं पिल्लू जमीरच्या तळहातावर ठेवलं. ते धडपडत उभं राहिलं, पुन्हा बसलं, आणि तिथेच डोळे मिटून झोपलं. जमीर श्वाससुद्धा जपून घेत होता.