सातवी जागा

ग्लानरावन ही वेल्समधल्या कारमार्थन गावाची नदीपलीकडची वस्ती. तिचा इतिहास लिहायचं काम इदवल पेन्रीने अंगावर घेतलं, कारण घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. जन्मभर जमिनी मोजलेला माणूस. तारीख असल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नसे.

वस्तीतलं चॅपल विकलं गेलं, तेव्हा इतिहास मंडळाची डेलिथ एक कॅसेट घेऊन आली. "तिथल्या कपाटात सापडली. उरका जरा, इदवल! पुस्तक होईपर्यंत आम्हीच इतिहासजमा होऊ."

वर लिहिलं होतं: मुलांची वचनं, ६ जून १९७६.

दर रविवारी चॅपलमध्ये मुलं ओळीने पुढे उभी राहत आणि बायबलमधलं पाठ केलेलं एकेक वचन म्हणत. इदवलची मुलगी लोवरी नेहमी तेच तीन शब्दांचं म्हणायची. लोक हसायचे, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पंचाहत्तरच्या ऑक्टोबरात त्याने तिला दिव्याचं लांबलचक वचन लिहून दिलं. "पाठ झाल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही." ती कागद घेऊन नदीकडे गेली. कागद त्याच संध्याकाळी काठावर सापडला, ती तीन दिवसांनी.

त्याने कॅसेट लावली. सहा मुलं म्हणून गेली. कुणीतरी खोकलं. मग एक बारीक आवाज दिव्याचं वचन म्हणू लागला आणि चौथ्या शब्दाला अडखळला. पुढे नुसती खरखर.

त्याने तारीख पुन्हा वाचली. मग डेलिथला फोन केला.

"त्या दिवशी सातवं कोण होतं गं?"

"सहाच होतो आम्ही. लोवरीची जागा रिकामी ठेवली होती."

दुसऱ्या दिवशी त्याने कॅसेट पुन्हा लावली, तर आवाज पाचव्या शब्दापर्यंत पोचला. तिसऱ्या दिवशी सहाव्या. वचन तेवीस शब्दांचं होतं. इदवल यंत्राशेजारीच जेवू लागला. कित्येक वर्षांनी त्याला उद्याची वाट पाहावीशी वाटत होती.

विसाव्या दिवशी त्याने तव्यावर मनुकांच्या गोड टिक्क्या भाजल्या, तिच्या आवडीच्या. दार उघडं ठेवलं. बाहेरून नदीचा ओला वास येत होता.

तेवीसही शब्द झाले. एकही चूक नाही.

त्याने दाराकडे पाहिलं.

कॅसेटवर एक पुरुषी आवाज आला. तरुण, करडा. त्याचाच.

"पुन्हा. पहिल्यापासून."

"हो, बाबा."

"पुरे, बाळा!" इदवल ओरडला. "झालं पाठ! घरी ये!"

ओरडण्याने ती दचकली. घाईघाईने म्हणू लागली, आणि चौथ्या शब्दाला अडखळली.