श्रावण पाळणारे मासे

प्रयोगशाळेच्या पडद्यावरचा आलेख मंजुषा दिघोरेने जवळून पाहिला, लांबून पाहिला, चष्मा पुसून पाहिला. मग तिने भिंतीवरच्या खिळ्याचं कॅलेंडर काढलं, मागच्या पानांवर राशिभविष्य आणि पाककृती असतात ते, आणि पडद्याशेजारी धरलं.

चार वर्षं, चार श्रावण. मोहबोडी तलावातले मासे चारही वेळा श्रावण लागताच निम्म्याहून कमी झाले होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, महिनाभर जीभ आवरून धरलेली माणसं मटणामासळीवर तुटून पडतात. नेमके त्याच दिवशी ते मासे ढिगाने परत आले होते. बाकी वर्षभर ते रविवारी वाढत आणि सोमवारपासून उतरत.

"वा रे भक्तांनो," ती आलेखाला म्हणाली. आधी तिला हसू आलं. मग कानाच्या पाळ्या तापल्या, कारण तिला कालची नोटीस आठवली.

मोहबोडी तिचं माहेर. मामाच्या गावाला जावं तशी सुट्टीत जाऊन येण्याची जागा नव्हे. याच तलावातल्या माशांवर ती वाढली होती आणि तिच्या आधीच्या सात पिढ्या वाढल्या होत्या. प्रयोगशाळेत ती आली बाटल्या धुवायला. बारा वर्षं बाटल्या धुता धुता, लोकांनी टाकून दिलेल्या माहितीपुस्तिका वाचत ती यंत्रं शिकली. आता तिच्या नावापुढे 'वाचक' असं पद होतं. जलसाक्षी जे सांगेल ते वाचायचं.

जलसाक्षी म्हणजे पाण्यावर तरंगणारा, रांजणाएवढा पिवळा डबा. मासा पाण्यात नुसता जगला तरी स्वतःला थोडाथोडा सांडत असतो. अंगावरचा चिकटा, विष्ठा, कातडीचे डोळ्यांना न दिसणारे तुकडे. त्या प्रत्येक कणात त्याच्या जातीची ओळख लिहिलेली असते. ओळखीच्या या तुकड्यांना 'जनुकांश' म्हणत. दोनतीन दिवसांत ते पाण्यात विरून जातात, म्हणून आज सापडलेला अंश आज-कालच्या माशाचाच. जलसाक्षी दर तासाला लोटाभर पाणी ओढी, जनुकांश तोली आणि सांगे, कटला इतके, रोहू इतके. त्यासाठी जाळं लागत नसे, की माशाला धक्काही लागत नसे.

यंत्र खरोखर सुंदर होतं. मंजुषाचा त्यावर जीव होता. वाईट झालं ते त्याच्याभोवती बांधलेल्या कायद्याने. त्या कायद्यात एकच साक्ष ग्राह्य होती, यंत्राची. दाराशी पाटी लावलेली होती: 'माणूस खोटं बोलतो, पाणी बोलत नाही.'

तलावाचा अर्धा काठ 'मीनविहार' नावाच्या रिसॉर्टला गळ टाकण्यासाठी ठेक्याने दिला होता. उरलेल्या पाण्यात ढिवरांच्या, म्हणजे गावातल्या मासेमारांच्या संस्थेला आठवड्यातून तीन दिवस जाळं टाकायची मुभा होती आणि सापडलेला प्रत्येक मासा दाखवायचा होता. मीनविहारच्या फलकावर रोज सकाळी 'गळयोग' झळके: आज मासा लागण्याची शक्यता ८७ टक्के. शहरातले हौशी लोक दिवसभर बसत. काही लागत नसे. पण यंत्र म्हणतंय मासे आहेत, म्हणजे खोट आपल्याच हातात, असं म्हणून ते महागाचा गळ घेऊन पुढच्या रविवारी पुन्हा येत. गेल्या महिन्यात एका निवृत्त बँक मॅनेजरने तर गळ टाकायचा वर्ग लावला होता.

ढिवरांची जाळीही रिकामीच येत होती. पण त्यांना कोणी वर्ग लावायला सांगितलं नाही. त्यांना नोटीस आली. तलावात मासे एकेचाळीस हजार, संस्थेने दाखवले एकशे सहा, उरलेले चोरून विकले. गुरुवारी तलावाकाठीच सुनावणी. आरोप सिद्ध झाला की संस्थेचा पाण्यावरचा हक्क कायमचा रद्द.

मंजुषा कॅलेंडर काखेत मारून डॉ. निरंजन पळसुले यांच्या खोलीत गेली. जलसाक्षी त्यांनी घडवला होता आणि कायद्याचा मसुदाही त्यांनीच लिहिला होता.

"सर, मासे श्रावण पाळतात का?"

पळसुले हसले. "पावसाळ्यात पाणी वाढतं, मंजुषाबाई. अंश पातळ होतात."

"पाऊस आषाढातही असतो. आषाढात आकडा सगळ्यात वर आहे. आणि मागल्या साली अधिक महिना आल्याने श्रावण एकोणीस दिवस पुढे सरकला, तेव्हा मासेही एकोणीस दिवस पुढे सरकले. पंचांग कोण वाचून दाखवतं त्यांना?"

पळसुले आता हसत नव्हते.

"मीनविहारचं स्वयंपाकघर जलसाक्षीपासून चाळीस पावलांवर आहे," ती म्हणाली. "परराज्यातून ट्रकने आलेली मासळी तिथे साफ होते. ती धुतलेलं पाणी नळीतून तलावात. मला एवढंच सांगा, जिवंत माशाचा अंश आणि चुलीवर जाणाऱ्या माशाचा अंश, यंत्राला वेगळा कळतो?"

"नाही. अंश तो अंश."

"म्हणजे आपण चार वर्षं तलाव मोजत नाही आहोत. जेवणाऱ्यांची पानं मोजतो आहोत."

खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. पळसुल्यांनी उठून खिडकी लावली. "मला दुसऱ्या वर्षी शंका आली होती," ते म्हणाले.

मंजुषाला वाटलं होतं तो माणूस चकित होईल. उठून आलेखापाशी जाईल, कपाळावर हात मारून घेईल. शंका आली होती! आणि दोन वर्षं त्याने ती खिशात घालून ठेवली, रुमालासारखी.

"मग बोलला का नाहीत?"

"सहाशे बारा तलावांवर जलसाक्षी आहेत. एका ठिकाणी चुकतो म्हटलं की सगळीकडे चुकतो. इतकं मोठं काम एका स्वयंपाकघरापायी बुडवायचं?"

"आणि माझी माणसं चोर ठरायची?"

"तुम्ही सुनावणीत हे सांगू शकणार नाही," ते समजुतीने म्हणाले. "तुमची साक्ष ग्राह्य नाही. तुम्ही माणूस आहात."

ते हे अपमान म्हणून बोलले नव्हते, कलम म्हणून बोलले होते. तिला तेच जास्त झोंबलं.

"यंत्राला फसवणं इतकं सोपं नाही," तिला शांत करायला त्यांनी पुढे जोडलं. "कोकणात खाडी कुठे संपते, नदी कुठे सुरू होते, यावर पन्नास वर्षं भांडणं होती. मी एका कलमात मिटवली. खाऱ्या पाण्यातल्या माशाचा आकडा सलग तीन तास हजारावर राहिला, की ते पाणी आपोआप समुद्रात जमा. तिथे हा कायदाही नाही आणि ठेकाही नाही. समुद्र काही भाड्याने देता येत नाही. एकही अपील आलं नाही आजवर."

"छान आहे कलम," मंजुषा म्हणाली आणि बाहेर पडली.

दुपारच्या एसटीने ती मोहबोडीला गेली. तिची आत्या, भिवराबाई, काठावर कोरडं जाळं मांडीवर घेऊन बसली होती. संस्थेची अध्यक्ष तीच होती.

"का वं मंजू, तुह्या डब्यानं चोर बनवलं ना आमाले," ती वर न बघता म्हणाली. "आता इथंच पकडून ने. बेड्या आणल्या का?"

"आत्या, तलावात खरंच किती मासे असतील?"

"मले पुसतेस? मी माणूस आहो बाई, खोटी बोलतो." मग तिने पाण्याकडे हात केला. "गवत कुठं हाय त्यात? गळ अडकते म्हणून त्या रिसॉर्टवाल्यायनं कमळ उपटलं, शिंगाडा उपटला, सारं पाणगवत काढून काचेवानी करून टाकलं. आता मासोळीनं अंडे का त्याहिच्या टेबलावर घालावे? चार-दोन मरळ असतीन त्या दगडाखाली. बस."

मरळ. मंजुषाला आठवलं, यादीत मरळ नेहमी सहा किंवा सात असे, श्रावणात आणि शिमग्यातही. मीनविहारच्या पाहुण्यांना तो काळा, सापतोंड्या मासा किळसवाणा वाटे, म्हणून तो तिथे शिजत नसे. एकेचाळीस हजारांच्या त्या ढिगात तेवढाच आकडा खरा होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते रागाचं होतं, हे तिने आत्याला सांगितलं नाही.

"आत्या, बाजारात सुके बोंबील किती मिळतात?"

"पोतंभर म्हण ना. काहून?"

"गुरुवारी सुनावणीला आलेल्यांना संस्थेतर्फे जेवण घालू."

भिवराबाईने पहिल्यांदा मान वर केली. भाचीचा चेहरा निरखला. "चोर मनते त्याले जेवण? तुह्या मनात कायतरी शिजून रायलं पोरी."

गुरुवारी सकाळी सात वाजता संस्थेच्या अकरा बाया घाटाच्या पायऱ्यांवर बसल्या. घाट जलसाक्षीपासून तीस पावलांवर. टोपल्यांतले बोंबील त्या पाण्यात भिजवत होत्या, चोळत होत्या, पुन्हा भिजवत होत्या. घाईगर्दी नव्हती. वाऱ्याबरोबर असा वास सुटला की मीनविहारच्या नाश्त्याला बसलेल्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

अकरा वाजता निवाडा अधिकारी श्रीमती देशभ्रतार मांडवात येऊन बसल्या. नियमाच्या बाहेर एक पाऊल न टाकणाऱ्या, पण नियमाच्या आत कोणाला दबणार नाहीत अशी त्यांची ख्याती होती. शेजारी पळसुले. मंजुषा वाचक म्हणून उभी राहिली. वाचायचा हक्क तिला होता. सांगायचा नव्हता.

"आजची नोंद वाचा."

"कटला, अकरा हजार चारशे. रोहू, सतरा हजार. मृगळ, बारा हजार सहाशे. मरळ, सहा." ती थांबली. "बोंबील, एक हजार नऊशे. सलग तीन तास."

मांडवात कोणीतरी फिसकन हसलं. देशभ्रतारांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुन्हा वाचा."

तिने पुन्हा वाचलं.

"डॉक्टर," देशभ्रतार म्हणाल्या, "समुद्र इथून आठशे किलोमीटरवर आहे."

पळसुले ताडकन उठले. त्यांनी घाटाकडे बोट केलं. "त्या बायका बोंबील धूत आहेत! हा सरळसरळ यंत्राशी खेळ आहे!"

"धुतलेल्या माशाने आकडा वाढतो का?" देशभ्रतारांनी विचारलं.

प्रश्न साधा होता.  पळसुल्यांची नजर घाटावरून सरकत मीनविहारच्या स्वयंपाकघराच्या नळीपर्यंत गेली. नळीतून गुलाबीसर पाणी तलावात पडत होतं. वाढतो म्हणावं तर एकेचाळीस हजारांचं काय? सहाशे बारा तलावांचं काय?

त्यांच्या चेहऱ्यावर हा सगळा हिशेब होताना मंजुषा पाहत होती. त्या क्षणी त्यांनी खरं सांगितलं असतं तर तिने त्यांना माफ केलं असतं. मनापासून केलं असतं.

"नाही," पळसुले म्हणाले. "नोंद बरोबर आहे. बोंबील... आहेत."

"जिवंत?"

"यंत्र जिवंतच मोजतं."

भिवराबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. देशभ्रतार मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कायद्याची प्रत उघडली, बोट फिरवत एका पानावर आल्या आणि ते कलम मोठ्याने वाचलं. कलम पळसुल्यांचं होतं, भाषा त्यांची होती, स्वल्पविरामसुद्धा त्यांचेच.

"म्हणजे साडेदहापासून मोहबोडी हे समुद्री पाणी आहे," त्या म्हणाल्या. "गोड्या पाण्याचा कायदा इथे लागू नाही. चोरीची नोटीस रद्द. मीनविहारचा ठेकाही रद्द. समुद्रावर ठेका देता येत नाही. ढिवरांनी जाळं टाकावं किंवा न टाकावं, त्यांची मर्जी." प्रत मिटताना त्या क्षणभर घाटाकडे पाहत राहिल्या. "जेवण आहे म्हणाला होतात ना?" त्यांनी भिवराबाईला विचारलं.

मीनविहारच्या फलकाला कोणी काही कळवायची गरज पडली नाही. तो जलसाक्षीलाच जोडलेला होता. गळयोगाचे आकडे विझले आणि नवीन अक्षरं उमटली: 'समुद्रात गळ टाकण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहावी.'

निवृत्त बँक मॅनेजर गळ सावरत मांडवापाशी आले. "भरती साधारण किती वाजता असते हो इथे?"

"आमाले का मालूम साहेब," भिवराबाई म्हणाली. "आमी माणसं. डब्याले पुसा."

जेवणं झाली. पळसुले जेवले नाहीत. जाता जाता ते मंजुषापाशी थांबले. "तुम्ही जिंकलात," ते म्हणाले, "आणि जलसाक्षीही वाचला. बघितलंत ना, तो कुठेही चुकला नाही."

ते समाधानाने गाडीत बसले. मंजुषा तिथेच उभी राहिली. पळसुले म्हणाले ते कागदावर खरं होतं, आणि तिचा राग त्यामुळेच उतरत नव्हता. एक बोंबील खरा ठरला म्हणून एक गाव सुटलं होतं. बाकीच्या गावांत अजून त्याच पाटीखाली, त्याच डब्यासमोर, कोणीतरी कोरडं जाळं मांडीवर घेऊन चोर म्हणून बसलेलं असणार.

घाटाखाली भिवराबाई गुडघाभर पाण्यात उतरली होती. शेजारच्या गावच्या बोडीतून, छोट्या तळ्यातून, आणलेल्या पाणगवताच्या जुड्या ती एकेक करून चिखलात रोवत होती, पोराच्या डोक्यावरून हात फिरवावा तशी मुळं दाबत.

"मंजू, उतर ना वं! समुद्रात पाय भिजव जरा."

मंजुषाने चपला काढल्या, साडी खोचली, आणि एक जुडी हातात घेतली. दगडाच्या सावलीत काहीतरी काळं, लांबट सळकन हललं आणि स्थिर झालं.

"आत्या, बोंबील उरले का गं?"

"अर्धं पोतं हाय. कायले?"

"जपून ठेव," मंजुषा म्हणाली. "सहाशे अकरा तलाव बाकी आहेत."