शेडला कुलूप होतं

"तुमच्या घरात कुणी शिसं वितळवतं का?" दवाखान्यातल्या नर्सने विचारलं होतं, तेव्हा कोरीन हसली होती.

"नवरा ओततो की बंदुकीच्या गोळ्या. पण बाहेर, शेडमध्ये. घरात नाही."

"तरी पोराचं रक्त एकदा तपासून घ्या."

"पुढच्या वेळी बघू," असं म्हणून कोरीनने ओडीच्या जॅकेटची चेन लावली होती.

पुढच्या वेळी ओडी आला तो ॲम्ब्युलन्समधून. अंगाला झटके येत होते आणि डोळे पांढरे झाले होते. तीन वर्षांचाही नव्हता पोरगा. महिनाभरापूर्वी दिवसभर बडबड करायचा, आता आईलाही हाक मारत नव्हता.

हे सगळं सांगताना कोरीन हॉगनचा आवाज एकदाही फुटला नाही. टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. समोर वर्ना स्टॉकडेल होती. वर्ना पूर्वी विमा कंपनीसाठी जळालेल्या घरांचा तपास करायची आणि आता खाजगी कामं घ्यायची. खिडकीशी ड्वाइट केसलर कॉफी ढवळत उभा होता. तो निवृत्त पोलीस. वर्नाची गाडी चालवायचा आणि न विचारता मतं द्यायचा.

"नवऱ्यावर संशय आहे तुझा?" वर्नाने विचारलं.

"सगळ्यांवरच आहे. माझ्यावरही..." कोरीन अडखळली. "हॉस्पिटलात औषधाने रक्तातलं शिसं उतरलं. ओडीला घरी आणलं तेव्हा टेट भावाकडे राहायला गेला होता. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याने शेडला कुलूप घातलं होतं. घराचा रंग, नळाचं पाणी, फरशी, सगळं तपासलं होतं. तरीही शिसं पुन्हा चढलं, आधीपेक्षा जास्त. आता ओडी परत हॉस्पिटलात आहे. सोमवारी जज ठरवणार, तो घरी येणार की परक्या माणसांकडे जाणार."

"उघड आहे की," ड्वाइट म्हणाला. "नवरा गुपचूप येऊन ओतत असणार."

"झालं! मिटली केस," वर्ना उठली. "चला शेरीफसाहेब, गाडी काढा."

---

काउंटीच्या माणसाने तासाभरासाठी किल्ली दिली होती. टेट शेडच्या दाराशी थांबला होता, दाढी वाढलेला. त्याने कोरीनकडे पाहिलं. कोरीनने पाहिलं नाही.

आत सगळं जागच्या जागी होतं. चाकांना लावायच्या शिशाच्या वजनांची बादली, दोन साचे, डाव, गॅसचा बर्नर आणि फळीवर बिडाचा एक खोल तवा.

"कुणी शिकवलं?" वर्नाने विचारलं.

"मर्ल ब्रकनरने. या खोऱ्यात ज्याने ज्याने गोळ्या ओतल्या, त्याला मर्लनेच शिकवलंय." टेटने फळीकडे बोट केलं. "सुरुवातीला महागाचं काही घेऊ नकोस म्हणाला. जुना तवा घे आणि ओतायच्या चोचीला कानशीने खाच पाड, म्हणजे धार बारीक पडते. ओल जवळ येऊ देऊ नकोस, पाण्याचा थेंब पडला तर शिसं तोंडावर उडतं. आणि ज्या भांड्यात शिसं गेलं ते स्वयंपाकाला मेलं. हे तर त्याने माझ्याकडून पाठ करून घेतलंय."

वर्नाने हातमोजा चढवला आणि तव्याच्या चोचीवरची खाच बोटाने चाचपली. मग बर्नरपाशी वाकली.

"ड्वाइट, इथे काय दिसतं?"

"कोळ्याचं जाळं."

"गुपचूप ओतणाऱ्याने कोळ्याची परवानगी घेतली असेल, नाही का?"

ड्वाइटने घसा खाकरला. "बुटांवरून जात असेल शिसं. हा बूट घालून घरात हिंडायचा, असं मर्लनेच काउंटीवाल्यांना सांगितलंय."

टेटचा चेहरा उतरला. "मर्ल असं म्हणाला?" त्याने दाराबाहेरची झाकणाची पेटी उघडली. बूट, एप्रन, टोपी, सगळं आत होतं. "कोरीन, तू सांग. मी कधी हे घालून घरात आलो?"

कोरीनने आठवून पाहिलं. राग होता, पण खोटं बोलवेना.

"नाही आला," ती म्हणाली.

---

अंगणाच्या टोकाला टेटच्या आईची, आर्डिसची, ट्रेलर होती, चाकांवरचं घर. कोरीन शाळेच्या ऑफिसात नोकरीला जायची तेव्हा ओडी दिवसभर आजीकडेच असायचा.

आत आंबट वास भरला होता. आर्डिस शेगडीपाशी उभी राहून बिडाच्या तव्यात हिरव्या सफरचंदांचा गर ढवळत होती.

"या, बसा. हे माझ्या बाळाला पाठवायचंय. हॉस्पिटलातलं बेचव खाणं उतरतं का त्याच्या घशाखाली? आजारी पडल्यापासून दुसरं काही खातच नव्हता. सकाळ-संध्याकाळ हेच. दूध थुंकायचा, पण हे मागून घ्यायचा."

"छान मांडलंय हो घर," वर्ना म्हणाली.

"सगळं चर्चच्या जुन्या सामानाच्या सेलमधलं! पडदे, दिवा, भांडीकुंडी. ऑक्टोबरात भरतो ना, तिथलं. नवं घ्यायची ऐपत कुठली?" आर्डिसने ड्वाइटसाठी वाटीत गर ओतला. दोऱ्यासारखी सरळ धार पडली, काठावर एक ओघळ नाही.

"वा, काय सराईत हात आहे!" वाटी घेत ड्वाइट म्हणाला.

"हात कसला? परवा कॉफीचा कप उचलला आणि मनगटच लुळं पडलं. पोटात कळा येतात त्या वेगळ्याच. वय झालं." तिने उसासा टाकला. "मर्लचंही तेच. दर रविवारी जेवायला यायचा, दोनदोनदा वाढून घ्यायचा. ओडी आजारी पडला तेव्हापासून घास घेत नाही. पोट बरं नाही म्हणतो. येतो, बसतो, बाळाची चौकशी करतो आणि जातो. मायाळू आहे बिचारा."

वर्ना शेगडीपाशी जाऊन उभी राहिली. "आर्डिस, हा गर हॉस्पिटलात मी पोचवते. तव्यासकट द्या. आणि तुम्हीही डॉक्टरांना दाखवून या, आजच. ड्वाइट, खाली ठेव ती वाटी."

"अजून निम्मी आहे!"

"ठेव म्हटलं ना."

गाडीत ड्वाइट कुरकुरत होता. "आणि मर्लचं पोट कुठलं बिघडायला? काल डायनरमध्ये माझ्यासमोर बशीतली ग्रेव्ही पावाने पुसून खात होता."

"हे आत्ता सांगतोस?"

"खाण्याचं काय सांगायचं?"

मागच्या सीटवर कोरीन तवा मांडीवर घेऊन बसली होती. तिला अजून काही कळलं नव्हतं. फक्त मांडीवरचा तो तवा एकाएकी खूप जड वाटायला लागला.

---

मर्ल ब्रकनरचं गॅरेज लख्ख होतं. टेबलावर वितळवायचं विजेचं भांडं, वर धूर ओढणारा पंखा. मर्ल सत्तरीचा होता, उंच, चर्चच्या समितीवरचा.

"हे विजेचं कधी घेतलंत?" वर्नाने विचारलं.

"गेल्या ऑक्टोबरात. म्हातारपणी बर्नरपाशी उभं राहवत नाही."

"आणि जुनं सामान?"

"डंपवर फेकलं सगळं." मर्ल कोरीनकडे वळला. "पोरी, फार वाईट वाटतं गं. टेट पोरगा चांगला आहे, पण निष्काळजी. मी किती वेळा सांगितलं त्याला."

कोरीनला त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. महिनाभरात इतक्या प्रेमाने कुणी बोललं नव्हतं.

---

रविवारी चर्च सुटल्यावर वर्नाने सगळ्यांना आर्डिसच्या ट्रेलरमध्ये बोलावलं. आर्डिसच्या दंडाला रक्त काढल्याची पट्टी होती. टेट दाराशी उभा होता. मर्ल टोपी हातात घेऊन बसला. वर्नाने त्याच्यापुढे वाटीभर गर ठेवला.

"घ्या, मर्ल."

"नको, माझं पोट..."

"एक चमचा."

मर्लने चमचा उचलला. तोंडापर्यंत नेला आणि परत खाली ठेवला.

"घाबरू नका," वर्ना म्हणाली. "हा दुकानातल्या बरणीतला आहे. पण तो तव्यातला असणार असं तुम्हाला वाटलं. का वाटलं?"

मर्लने वाटी दूर सारली.

"कोरीनने पहिल्याच दिवशी कोडं सांगितलं होतं. शेड बंद, बाप बाहेर आणि तरी शिसं चढलं. म्हणजे शिसं शेडमधून येतच नव्हतं. बर्नरवर जाळं होतं, बूट पेटीत होते. मग बदललं काय? बदललं ओडीचं खाणं. आधी तो गर अधूनमधून खायचा, आजारी पडला आणि फक्त आजीच्या हातचा गर खायला लागला. आंबट सफरचंद. बिडात मुरलेलं शिसं आंबटाने सुटून येतं. आजीही ढवळताना चाखायची. तिचं लुळं मनगट, पोटातल्या कळा, हे वय नव्हे."

"अगं पण काउंटीने माझी ट्रेलर तपासली!" आर्डिस ओरडली.

"भिंती तपासल्या, नळ तपासला. चुलीवरचा तवा कोण तपासतो? ड्वाइट तुमच्या हाताचं कौतुक करत होता तेव्हा मी चोच पाहत होते. स्वयंपाकाच्या तव्यातून अशी धार पडत नाही. त्यासाठी चोचीला कानशीने खाच पाडावी लागते. ते कोण करतं आणि कोण शिकवतं, हे टेटने शेडमध्ये सांगितलंच होतं. टेटचा तवा फळीवर होता, म्हणजे हा दुसऱ्या कुणाचा. मर्लने ऑक्टोबरात विजेचं भांडं घेतलं. ऑक्टोबरातच चर्चचा सेल. मी तव्यावर शिसं तपासायची काडी घासली, ती लालभडक झाली."

"आणि जेवण?" ड्वाइटने विचारलं.

"मर्ल या घरात जेवत नाही, डायनरमध्ये जेवतो. तव्याची ओळख पटल्यावरच कुणी असं करेल. ओडी पहिल्यांदा आजारी पडला, शिसं म्हणून निदान झालं, त्याच रविवारी मर्लने शेगडीकडे नीट पाहिलं."

मर्लचे ओठ हलले. "रूथचा तवा होता तो," तो म्हणाला. रूथ त्याची गेलेली बायको. "ती गेल्यावर मी त्यात शिसं वितळवलं. घरात तिच्या हातचं काही दिसलेलं सोसवत नव्हतं. मग फेकायलाही जीव होईना. विस्तवात जाळला, घासला, तेल पाजलं. वाटलं, झाला स्वच्छ, म्हणून सेलला दिला. कुणाच्या तरी घरात पुन्हा भाकरी-बिकरी होईल."

"तू माझ्याकडून पाठ करून घेतलंस!" टेट पुढे आला. "मेलं म्हणालास ते भांडं!"

"माझ्याच तोंडाने शिकवलेलं, पोरा. कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

"तोंड नव्हतं?" कोरीन उठली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "ओडी घरी आला होता. बरा होऊन आला होता, मर्ल. तू त्या खुर्चीत बसून त्याला दुसऱ्यांदा गर खाताना बघितलंस. तवा चोरून न्यायचा होतास! लाथ मारून सांडायचा होतास! तू माझ्या नवऱ्याचं नाव घेतलंस."

मर्लने मान वर केली नाही. आर्डिस स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. टेटने येऊन आईला धरलं आणि कोरीनने त्या दोघांना.

"जजपुढे हे सगळं तुम्ही स्वतः सांगणार आहात," वर्ना मर्लला म्हणाली. "अजून काही आहे?"

मर्लने हातातली टोपी टेबलावर ठेवली.

"तवे दोन होते," मर्ल म्हणाला. "एक लहान. सेलच्या टेबलावर मीच बसलो होतो. एका पोरीने घेतला. गाडीला झोपायची खोली जोडलेली, पश्चिमेकडे चालली होती. नाव नाही विचारलं." त्याने आता कोरीनकडे पाहिलं. "दिवस गेले होते तिला."

---

सोमवारी जजने ओडीला घरी जाऊ दिलं. गेलेले शब्द परत येतील का, यावर डॉक्टर नुसतेच खांदे उडवतात. मर्लवर खटला उभा राहील की नाही, ते काउंटी ठरवेल. कोरीन त्याची वाट बघत बसलेली नाही. पेट्रोलपंप, धोबीघरं, दवाखाने, जिथे भिंत मिळेल तिथे ती एक कागद चिकटवत फिरते. त्या पोरीचं मूल एव्हाना जन्मलं असेल, आणि त्याला पहिलं मऊ अन्न भरवायला घेतलं असेल. कागदावर कोरीनने लिहिलंय:

तिचं नाव मला माहीत नाही. तरुण आहे, गाडीतच संसार आहे, कडेवर तान्हं असेल. बिडाच्या लहान तव्यात ती त्याच्यासाठी काहीतरी शिजवत असेल. ती तुमच्या गल्लीत असेल, तुमच्या शेजारच्या गाड्यांच्या तळावर असेल. कृपा करून आज जा, उद्यावर ढकलू नका. दार वाजवा. तवा बघायला मागा. आणि बाळ कसं आहे, ते विचारा.